तुतारीच्या झाडाची झोप

पाय पांघरुणात घ्या आधी. सुमेध, ताईची उशी सोड. हं, आता ऐका.

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका राजाची मुलगी लग्न होऊन लांब डोंगरातल्या राज्यात गेली. किती लांब? घोड्यावरून गेलं तरी वर्ष लागायचं! मुलीचं नाव केतकी. निघताना तिच्या आईनं तिला ना दागिना दिला, ना शालू. कुंडीत लावलेलं एक झाड दिलं. तुतारीचं झाड. त्याला हातभर लांब पिवळी फुलं यायची, खाली तोंड करून लटकणारी. तिन्हीसांजेला अशी घमघमायची की विचारू नका. पण त्याचं पान, फूल, काही म्हणजे काही तोंडात घालायचं नाही बरं का. धोत्र्याच्या गोतातलं ते, विषारी. हात लावला की हात धुवायचे.

आता त्या झाडाची गंमत सांगते. दिवेलागणीला केतकी फुलाला कान लावायची, तर आतून कोण बोलायचं? तिची आई! जेवलीस का, केस विंचरलेस का, सगळं विचारायची. केतकीनं हे कुणालाच सांगितलं नाही. सासरचे हसतील म्हणून भ्यायची.

असं होता होता थंडी आली. एका संध्याकाळी आई फुलातून म्हणाली, "बाळ, अंगात जरा कणकण आहे. कसं वाटतंय ते उद्या सांगते."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सासूबाई कोयता घेऊन आल्या. सासूबाई म्हणजे थोरली राणी. उंच, खणखणीत आवाजाची. त्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज दंव गोठणार." मग सपासप सगळ्या फांद्या छाटल्या. फुलं गेली, पानं गेली, राहिला नुसता सोटा. तो कुंडीसकट तळघरात नेला, बटाट्यांच्या शेजारी, अंधारात. "आता वसंतापर्यंत त्याला कुणी छेडायचं नाही," म्हणाल्या.

केतकीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आई बरी आहे का? आहे तरी का? आता सांगणार कोण?

मग काय केलं तिनं? दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की ती तळघरात जायची आणि झाडाला तांब्याभर पाणी घालायची. रोज! माहेरी रोज घालायचे ना, म्हणून. पण पान नाही, ऊन नाही, ते पाणी झाडानं प्यायचं कसं? माती कुजली, वास सुटला. सासूबाईंनी नाक मुरडलं, कुजलेली मुळं काढली, कोरडी माती भरली. "झोपलेल्याच्या तोंडात कुणी घास कोंबतं का?" एवढंच म्हणाल्या.

मग केतकीला वाटलं, त्याला थंडी वाजत असेल. तिनं शेगडी नेऊन ठेवली. उबेनं झाडाला खोटा वसंत वाटला. फुटले कोंब, पण कसे? पांढरेफटक, दोऱ्यासारखे. दोन दिवसांत माना टाकल्या. सासूबाईंनी शेगडी उचलली आणि कोंब खुडले. या खेपेला नुसतं बघितलं. ते बघणं ओरडण्याहून वाईट, खरं की नाही?

मग हिवाळा सरत आला. एके दिवशी छान ऊन पडलं. झाडाला दोन हिरवे डोळे, म्हणजे इवलेसे कोंब, फुटले होते. केतकीला कुठला धीर! तिनं झाड ओढत अंगणात आणलं. आणि सकाळी बघते तर काय, पुन्हा दंव गोठलेलं. डोळे काळे ठिक्कर.

ती तिथंच मटकन बसली आणि मोठ्यानं रडली. सासूबाई धावत आल्या. मग मात्र तिनं सगळं सांगून टाकलं. फुलातली आई, तिची कणकण, सगळं.

सासूबाई खाली तिच्याशेजारी बसल्या. "आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही झाड कापलं नसतं?"

"कापलंच असतं. नाहीतर दंवानं ते मेलंच असतं. पण तुला एकटीला रडू दिलं नसतं."

मग त्यांनी बुंध्यापाशी नखानं साल जराशी खरवडली. आत हिरवंगार! "बघ, जिवंत आहे. आता दोघी मिळून वाट बघू."

आणि बघितली हो. आधी सावलीत ठेवलं. मग कोवळ्या उन्हात. मग मोकळ्या अंगणात. आता शेणखत घातलं, पाणी घातलं, घागरीच्या घागरी! उठल्यावर त्याला केवढी भूक लागली होती! झाड माणसापेक्षा उंच झालं आणि एका तिन्हीसांजेला पहिली तुतारी उघडली.

केतकीनं कान लावला. काहीच नाही. तिनं कान आणखी जवळ नेला. सासूबाईंनी मागून धरलं.

मग आतून आवाज आला, "अगं, होतीस कुठं इतके दिवस? मी रोज सांगतेय, ताप दुसऱ्याच दिवशी उतरला म्हणून!"

केतकी हसली पण आणि रडली पण.

"सासूबाई छळतात का गं तुला?" आईनं विचारलं.

"छळतात ना," केतकी म्हणाली. "अगदी तुझ्यासारख्या."

मागं उभ्या असलेल्या सासूबाईंनी फुलाकडे तोंड केलं आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात सांगितलं, "विहीणबाई, काळजी नको. दोघांनाही सांभाळीन. झाडालाही आणि हिलाही."

तेव्हापासून त्या राज्यात अशी रीतच पडली. सून माहेरचं झाड आणते आणि थंडी आली की सासू स्वतःच्या हातानं ते निजवते. सगळी सुखात आहेत हो. झाडं वेळेवर झोपतात, म्हणून तर फुलतात. आता तुम्हीही मिटा डोळे. सुमेध, पाणी नाही मिळणार. झोपलेल्याला पाणी लागत नाही.