दोनदा नको

अंबरनाथला एका चाळीत पुंडलिक नावाचा एक भोळा माणूस राहत होता. वय छत्तीस, लग्न व्हायचं होतं. येत्या रविवारी कुंदा नावाची मुलगी आणि तिचे वडील त्याला भेटणार होते, नाक्यावरच्या उडपी हॉटेलात. पुंडलिकला मावशीने वाढवलेलं, पण नेमका तिचा पाय मुरगळला होता.

"एकट्यालाच जायचंय रे बाबा. आधी तीन दिवस तिथे जाऊन खायचा सराव करून ये," मावशी म्हणाली.

गुरुवारी पुंडलिक गेला. हॉटेल भरलेलं. कुणी बोलावेल म्हणून तो दीड तास दारात उभा राहिला आणि उपाशी परत आला.

"अरे, तिथे कुणी बोलावत नाही! कुणाचं खाणं संपत आलं की त्याच्या खुर्चीमागे उभं राहायचं. तो उठला की बसायचं."

"खरंच की! माझं डोकं आहे की नारळ!"

शुक्रवारी तो दुपारी गेला. हॉटेल रिकामं. एकच गृहस्थ डोसा खात होते. पुंडलिक जाऊन त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिला. ते सरकले, हाही सरकला. ते चटणी मागायला उठले, तसा हा बसला. समोरचा अर्धा डोसा थंड होईल म्हणून त्याने तोही खाल्ला.

"दुसऱ्याची जागा ती! आधी विचारावं, इथे कुणी बसलंय का?" मावशीने कपाळावर हात मारला.

"नारळच. तोही किसलेला," पुंडलिक म्हणाला.

शनिवारी त्याने पहिल्याच टेबलावरच्या जाड्या माणसाला विचारलं, "इथे कुणी बसलंय का?"

"मी दिसत नाही का?"

"दिसताय. पण विचारायचं असतं."

असं त्याने प्रत्येक टेबलावर विचारलं. गल्ल्यावरच्या शेट्टींनाही विचारलं. शेवटी शेट्टींनीच त्याला दंडाला धरून बसवलं. वेटर सांबाराची बादली घेऊन फिरत होता. "सांबार?" "हो." "सांबार?" "हो." अकरा वाट्या झाल्या. पुंडलिक भिंतीला धरून घरी आला.

"हावरटासारखं लगेच हो म्हणतात का? दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग हो."

पुंडलिकने हे बोटांवर पाठ केलं. नको, नको, हो.

रविवारी कुंदा आणि तिचे वडील आले. इडल्या आल्या. "इथे आधी कधी आलाय का तुम्ही?" कुंदाने विचारलं. पुंडलिकने सगळं सांगून टाकलं. खुर्ची, डोसा, अकरा वाट्या. कुंदा इतकी हसली की तिला ठसका लागला. वडीलही हसले. पुंडलिकला वाटलं, हिच्या हसण्यासाठी आयुष्यभर नारळ राहायला आपली हरकत नाही.

कॉफी संपली. कुंदाने पदर सावरला.

"मी सरळच विचारते. मला तुम्ही आवडलात. करायचं आपण लग्न?"

पुंडलिक आनंदाने खुर्चीत ताठ बसला. त्याने टेबलाखाली पहिलं बोट दुमडलं.

"नको," तो म्हणाला.

कुंदाचा चेहरा उतरला. वडिलांनी पिशवी उचलली. दोघं निघून गेली.

पुंडलिक दुसरं बोट तयार ठेवून बसून राहिला. हॉटेल भरत गेलं. एक गृहस्थ येऊन त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"झालं का तुमचं?"

"नाही हो," पुंडलिक दाराकडे बघत म्हणाला, "अजून दोनदा विचारायचं राहिलंय तिचं."