लव्हाळ्याचा दोरा

“आता तरी दीक्षा द्याल ना, बुवा?”

दयाळबुवा मठामागच्या मोगऱ्याच्या वाफ्याकडे बघत राहिले. मार्तंडनं श्रावणापासून तो तीनदा कुदळला होता. चौथ्यांदा कुदळून आत्ताच हात धुतले होते.

पठ्ठ्या हुशार, कष्टाळूही; पण ‘मी’ जरा जास्तच. सात वर्षांपूर्वी आईशी भांडून घर सोडलं, त्यानंतर साधी खुशालीही कळवली नाही. मठाचा नियम कडक. दीक्षा घेतली की घराची पायरी कायमची बंद. आणि बुवांची अट एवढीच, की आधी वाफ्यातलं तण निघू दे.

“घराचे पाश केव्हाच तोडले मी. आता हे गवतही गेलं.”

“गवत?”

कोपऱ्यात एक हिरवं पातं उरलं होतं. बुवांनी बोट दाखवलं. “त्याची दांडी चिमटीत फिरवून बघ.”

“...तीन कडा लागतात.”

“मग गवत कसलं? लव्हाळा आहे हा! कुदळीनं तोडत गेलास, म्हणून एकाचे दहा झाले. बैस. बोटांनी उकर. तोडू मात्र नकोस.”

मार्तंड चरफडत बसला. पात्याखाली काळी गाठ लागली. तिच्यातून दोऱ्यासारखं मूळ निघालं, पुढे दुसरी गाठ, मग तिसरी... हातभर खाली गेला तरी दोरा संपेना.

एक गाठ नखानं चिरली गेली आणि वास आला.

मार्तंडचा हात तिथेच थांबला.

याच गाठींना आई मोथा म्हणायची. बांधावरून खणून आणायची, वाळवायची, आंबेहळदीबरोबर कुटायची. दिवाळीच्या पहाटे पाटावर बसवून पाठीला उटणं चोळायची. तो कुडकुडत ओरडायचा, “पुरे गं आई!” आणि ती म्हणायची, “गप रे, वर्षातून एकदा तर हाती सापडतोस.”

काय दिवस होते ते!

“बुवा... आई असेल ना हो अजून?”

बुवा त्याच्याशेजारी वाफ्यात बसले.

“आणि माझी दीक्षा...”

बुवांनी एकेक गाठ वेचली, माती झटकली, त्याच्या उपरण्याच्या टोकात बांधली.

“दिवाळीला आठ दिवस आहेत. मोथा वाळायला तेवढे लागतातच. ऊठ, उन्हं आहेत तोवर नीघ.”