नरहरकाकांची मान

नरहरकाकांच्या दिवाणखान्यात पुरुषभर उंचीचे स्पीकर होते. त्यामुळे आवाजातलं सगळ्या सांगलीत आपल्यालाच कळतं, असं ते धरून चालत. पुतणी वैजयंती पहिल्या पगारातून स्पीकर घ्यायला निघाली, तेव्हा काका न बोलावता सोबत आले. मागोमाग काकूही आल्या.

दुकानदाराने तिच्या बजेटमधली लहानशी जोडी मांडली. काकांनी नाक मुरडलं. "ही नुसती खोकी आहेत. यांनी माझी मान एकदा हलवून दाखवावी, मग खुशाल घे."

"चालेल," म्हणत वैजयंतीने मोबाइलवरचं एक रेकॉर्डिंग लावलं. कोजागिरीच्या घरगुती बैठकीत काकू गायल्या होत्या, तो बागेश्री.

काका हाताची घडी घालून, मान ताठ ठेवून बसले. काकूंची तान वर गेली, वळली आणि अलगद समेवर उतरली. काकांची मान हलली. तोंडातून "वा" सुद्धा निघून गेलं.

दुकानदार हसला, तसे काका सावरले. "ही लबाडी झाली. मान हिच्या गाण्याने हलली. स्पीकरकडे माझं लक्षच नव्हतं."

"मग काका," वैजयंती म्हणाली, "चांगल्या स्पीकरने आणखी काय करायचं असतं?"

काकू पदर सावरत दुकानदाराकडे वळल्या.

"अशीच आणखी एक जोडी बांधून द्या. घरच्या स्पीकरवर माझं गाणं लागलं, की हे पाहुण्यांना बेस समजावत बसतात. वा म्हणायचं राहूनच जातं."