मुकिंदाने लेकीच्या लग्नात शेवटचा धडा वापरला

एका गावात एक भोळा बाप होता. नाव मुकिंदा. त्याला जे सांगाल ते तो करायचा, हा त्याचा गुण. कुठं करायचं ते त्याला कळायचं नाही, एवढाच काय तो दोष.

बायको अंजिरा. ती शहाणी होती. एका घरात दोन शहाणे नांदत नाहीत म्हणतात, तेव्हा ते एक बरंच होतं. लेक सुली, लग्नाला आलेली. सुलीच्या लग्नासाठी अंजिराने म्हशीची रेडी विकली आणि पैसे मुकिंदाच्या हातात दिले. म्हणाली, "बँकेत टाकून या. लग्न नीट लागलं पाहिजे. मला दुसरं काही नको."

मुकिंदा बँकेत निघाला. वाटेत न्हाव्याचं दुकान. तिथं चार माणसं बसलेली. एक म्हणाला, "बँकेत पैसा झोपतो. शेअरबाजारात पळतो." मुकिंदाला वाटलं, रेडीचा पैसा, कशाला झोपवायचा. पळू दे बापडा.

पण नुसतं लावून चालत नाही, शिकावं लागतं. तालुक्याला खताच्या दुकानावर माडी होती. माडीवर चिंतामणी सरांचा वर्ग होता. पाटीवर लिहिलेलं, 'मन जिंका, बाजार जिंका'. सर मोठे ज्ञानी. ते स्वतः बाजारात एक रुपया लावायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी पैशावर नाही, मनावर काम करतो." फी मात्र पैशातच घ्यायचे.

मुकिंदाने फी भरली. फोनवर खातं उघडलं. पंपाच्या एका कंपनीचे शेअर घेतले आणि खाली बसला.

सर म्हणाले, "पहिला धडा. आधी एक खूण ठरवायची. भाव त्या खुणेच्या खाली गेला, की हातातून सोडून द्यायचं. विचार करायचा नाही. हळहळायचं नाही."

"खुणेच्या खाली गेलं की सोडायचं," मुकिंदा म्हणाला.

"शाबास."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजिरा म्हणाली, "अहो, तेवढं विहिरीवरून पाणी आणा." तिने आपली माहेरची पितळी कळशी दिली. मुकिंदाने दोराला एक गाठ मारली. ही खूण. कळशी विहिरीत सोडली. गाठ सरकत सरकत काठाच्या खाली गेली. मुकिंदाने दोर सोडून दिला.

बुडुक आवाज आला. मुकिंदा हळहळला नाही. हात हलवत घरी आला.

"कळशी कुठं आहे?"

"सोडली. खुणेच्या खाली गेली होती."

अंजिराने कपाळाला हात लावला. "अहो, माझ्या आईची कळशी होती ती. विहिरीत खाली गेलं म्हणून दोर सोडतात का? तळाला जाऊ दे, नाहीतर पाताळात जाऊ दे, दोर घट्ट धरायचा. खाली गेलेलं भरून वर येतं."

मुकिंदाला पटलं. चुकलं की शिकणारा माणूस होता तो.

त्याच दुपारी पंपाच्या कंपनीचा भाव पडायला लागला. शंभराचा नव्वद झाला. मुकिंदाने फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला. साठ झाला. आणखी घट्ट धरला. शेजारचा म्हणाला, "मुकिंदा, वीक की." मुकिंदा म्हणाला, "खाली गेलेलं भरून वर येतं." आठवडाभर तो जेवला एका हाताने आणि झोपला फोन उराशी धरून. भाव अकरावर आला. अकराच्या खाली चिखलच असतो.

सरांनी विचारलं, "अरे, मी पहिला धडा काय शिकवला होता?"

"खुणेच्या खाली गेलं की सोडायचं."

"मग?"

"तो मी घरी वापरला, सर."

सरांनी पावतीपुस्तक काढलं. मग दुसऱ्या धड्याची फी घेतली.

"ऐक. काही चढायला लागलं, की लोकांचा हात शिवशिवतो. मध्येच काढून घेतात. तू तसं करायचं नाही. चढतंय त्याला चढू द्यायचं. फारच हात शिवशिवले तर मांडीखाली घेऊन बसायचं."

पुढच्या रविवारी सुलीला बघायला पाहुणे आले. मुलगा बाळकृष्ण, साखर कारखान्यात फिटर. नाकासमोर बघून चालणारा. लाजाळू तर इतका, की आला तेव्हापासून सतरंजीची नक्षी मोजत बसलेला. त्याचे वडील यशवंतराव, मोठ्या मिशांचे आणि थोड्या शब्दांचे. अंजिराने चुलीवर दूध ठेवलं आणि मुकिंदाला म्हणाली, "मी सुलीला साडी नेसवते. तुम्ही दुधाकडं बघा."

मुकिंदा बघायला बसला. दूध चढायला लागलं. हात शिवशिवले. त्याने ते मांडीखाली घेतले. दूध काठाला आलं. मुकिंदा बघतोय. दूध काठावरून गेलं, चुलीत गेलं, चूल विझली, घरभर धूर झाला. मुकिंदा बघतोच आहे. बघा म्हणूनच तर सांगितलं होतं.

अंजिरा धावत आली. "अहो, हात काय मोडले होते?"

"मांडीखाली होते. चढतंय त्याला चढू द्यायचं असतं."

पाहुण्यांना कोरा चहा मिळाला. यशवंतरावांनी तो मुकाट्याने घेतला. मुलगी पसंत पडली म्हणून बरं, नाहीतर चहावरच सोयरीक मोडायची.

पाहुणे गेल्यावर अंजिरा म्हणाली, "हे बघा, नीट ऐका. चढायला लागलं की पापणी लवायच्या आत उतरवायचं. जरा थांबलं की गेलंच."

मुकिंदाला हेही पटलं. त्याने आता बिस्किटाच्या कंपनीचे शेअर घेतले होते. सोमवारी बाजार उघडला आणि भाव चार आणे चढला. मुकिंदाने पापणी लवायच्या आत विकून टाकले आणि फडक्याने कपाळ पुसलं. तीन महिन्यांत त्या शेअरचा भाव तिप्पट झाला. गावात त्या कंपनीची बिस्किटं सगळ्यांनी खाल्ली, मुकिंदाने सोडून.

सर म्हणाले, "दुसरा धडा?"

"घरी वापरला, सर."

"अरे, घरच्या बाईचं ऐकून बाजारात कशाला वागतोस?"

"मग तुमचं ऐकून कुठं वागू? ते तर घरी लागतं."

सरांनी तिसरा धडा काढला. "लोक घाबरून पळत सुटले, की आपण धीराने आत शिरायचं. सगळा माल तेव्हाच स्वस्त असतो. कळपात राहील तो मेंढरू."

सुलीची सुपारी फुटली, पत्रिका छापून आल्या. पहिली पत्रिका देवाला. मुकिंदा ती घेऊन म्हसोबाच्या वडाकडं निघाला, तर समोरून अर्धं गाव पळत येतंय. कुणाच्या डोक्यावर धोतर, कुणाच्या डोक्यावर पोतं. कुणीतरी वडावरच्या आग्या मोहळाला दगड मारला होता.

"मुकिंदा, मागं फीर," लोक ओरडले.

मुकिंदा मनात हसला. म्हणाला, मेंढरं. आणि धीराने आत शिरला. आत खरंच गर्दी नव्हती. माशा होत्या फक्त.

घरी आला तेव्हा अंजिराने त्याला आवाजावरून ओळखलं. डोळे होते तिथं दोन भजी, ओठ होते तिथं वडा. ती काटे काढत बसली आणि म्हणाली, "चार माणसं पळतात तिकडं पळावं हो. का पळतात ते नंतर विचारावं."

"आधी पळायचं, मग विचारायचं," मुकिंदा सुजलेल्या तोंडाने म्हणाला.

सूज उतरली तसा तो न्हाव्याच्या दुकानात गेला. चार माणसं एकाच शेअरमागं धावत होती. कुणी म्हणे सोलर, कुणी म्हणे सोनं. मुकिंदाही धावला. उरलेले होते नव्हते ते सगळे पैसे लावले. मग विचारायला गेला, "कशाला धावत होतो आपण?" तोवर ती चार माणसं उलटी धावून घरी पोहोचली होती. दुकानात न्हावी तेवढा होता. त्याने मुकिंदाची दाढी केली आणि सांगितलं, "हिचे पैसे राहू द्या." एवढा एकच नफा मुकिंदाला बाजारात झाला.

लग्न आठ दिवसांवर. मांडवाला पैसे नाहीत, शालूला नाहीत, जेवणाला नाहीत. अंजिरा रडली नाही. पदर खोचला आणि पाहुण्यांकडं जाऊन खरं ते सांगितलं. मुकिंदा शेजारी बसून मान हलवत होता, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चाललीय.

यशवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "बाई, आम्हाला मानपान नको, शालू नको. मांडव आम्ही घालतो, जेवण आम्ही करतो. अकरा वाजून वीस मिनिटांचा मुहूर्त आहे. तेवढ्याला मुलगी पाटावर उभी असली म्हणजे झालं. एवढं जमेल ना?"

"जमेल," अंजिरा म्हणाली.

घरी येताना ती मुकिंदाला म्हणाली, "ऐकलंत ना? मुलगी पाटावर. एवढंच. तुम्ही काही करू नका." हेच तिने रेडी विकली त्या दिवशी सांगायला हवं होतं.

मुकिंदा सरांना पत्रिका द्यायला गेला. सरांना वाईट वाटलं. म्हणाले, "तुझे पैसे गेले, पण शिक्षण अपुरं राहायला नको. शेवटचा धडा फुकट देतो. सगळ्यात मोलाचा आहे. लोक झुंडीने आत घुसायला लागले, वाजतगाजत यायला लागले, सगळ्यांचे चेहरे खुलले, की समजायचं, हीच वेळ. आपलं जे असेल ते घेऊन गुपचूप बाहेर पडायचं."

"आणि आपली जागा?"

"तिथं दुसरा उभा राहतोच. बाजार तसाच चालतो. आपण बाहेर पडतो ते कुणीतरी आत येतो म्हणून."

"दुसरा कोण, सर?"

"कुणी का असेना. जो हौसेने पुढं येईल तो. आणि एकदा बाहेर पडल्यावर त्याच्याकडं वळून बघायचं नाही."

मुकिंदाने पाठ केलं. फुकटचं होतं म्हणून दोनदा केलं.

लग्नाचा दिवस उजाडला. सुली पाटावर उभी राहिली. समोर दुसऱ्या पाटावर बाळकृष्ण. मध्ये भटजींनी अंतरपाट धरला. सुलीचा मामा तिच्या पाठीशी उभा, पण त्याचं नाक जिलेबीच्या कढईकडं. अंजिरा दारात अक्षता वाटत होती. मुलगी पाटावर बघून तिचा जीव भांड्यात पडला.

मंगलाष्टका सुरू झाल्या. बाहेरची माणसं झुंडीने आत घुसायला लागली. बँडवाला वाजवायला लागला. सगळ्यांचे चेहरे खुलले.

मुकिंदाने बोटांवर मोजलं. झुंड, वाजंत्री, खुललेले चेहरे. हीच वेळ.

आपलं जे असेल ते घेऊन. आपलं काय आहे? पैसे गेले. कळशी गेली. मांडव पाहुण्यांचा, जेवण पाहुण्यांचं. सुली तेवढी आपली. तीही अक्षता पडेपर्यंतच. म्हणजे घाई केली पाहिजे.

त्याने सुलीचा हात धरला. "चल."

"आबा, कुठं?" मुंडावळ्यांतून सुलीला धड दिसतही नव्हतं.

"हळू बोल. लोकांना कळलं तर सगळेच निघतील."

सुली बापाच्या शब्दाबाहेर नव्हती. पाटावरून उतरली. आता दुसरा कुणी पाहिजे. मुकिंदाने इकडंतिकडं पाहिलं, तर चिंतामणी सर फेटा बांधून, गर्दीला कोपर मारत, हौसेने पुढं येत होते. फोटोत यायला.

"सर, या पाटावर उभे राहा."

सरांना वाटलं, सत्कार आहे. शिष्याच्या घरी गुरूचा सत्कार व्हायचाच. ते पाटावर चढले, कोट ओढून सरळ केला आणि हारासाठी मान लववली.

मामा मागं वळला तेव्हा त्याच्या पुढ्यात फेटा होता. त्याला वाटलं, आपणच चुकून मुलाकडच्या बाजूला आलो. तो गुपचूप पलीकडं जाऊन उभा राहिला.

शेवटचं सावधान झालं. अक्षता पडल्या. भटजींनी अंतरपाट झरकन ओढला. बाळकृष्ण लाजाळू. त्याने वर बघितलंच नाही. समोर लवलेली मान दिसली, तिच्यात हार घातला.

सर हात जोडून म्हणाले, "या प्रसंगी मी दोन शब्द बोलतो."

बँड थांबला. मांडवात जिलेबीच्या तेलाचा तेवढा आवाज राहिला.

बाहेर लिंबाखाली मुकिंदा सुलीला घेऊन उभा होता. आत एकदम शांत झालेलं ऐकून त्याचा चेहरा फुलला. "बघ पोरी," तो म्हणाला, "आपण बाहेर पडलो, आणि मागं बाजार पडला. आयुष्यात पहिल्यांदा वेळ साधली."

अंजिरा आली. तिने सुलीला हाताला धरून आत नेलं. यशवंतरावांनी भटजींना दुसरा मुहूर्त विचारला. दुपारी दोनचा होता. मग ते मिशीवरून हात फिरवून एवढंच म्हणाले, "मुलीच्या बापाला खांबाला बांधा."

दोन वाजता सुलीचं लग्न लागलं. नीट लागलं. मुकिंदाने ते खांबावरून पाहिलं.

जेवणं झाल्यावर चिंतामणी सर खांबापाशी आले. गळ्यातला हार तसाच होता. गाठ सुटत नव्हती, आणि सोडायला कुणी पुढं येत नव्हतं. रडवेल्या आवाजात म्हणाले, "मुकिंदा, अरे, माझी काय दशा केलीस बघ तरी."

मुकिंदाने मान पलीकडं फिरवली. हा धडा तरी त्याला चुकवायचा नव्हता.