चिंचोक्यांचं कोठार

एका माळरानावरच्या गावात एक जुना खेळ होता. सुगी संपली की देवळाच्या ओसरीवर गेरूने पट आखायचा, कवड्या टाकायच्या आणि सोंगट्या पुढे न्यायच्या. वाटेत आग, पूर, टोळधाड, साथ अशी वाईट घरं असत आणि पटाच्या मधोमध कोठार. दर फेरीला प्रत्येकाने जमतील तेवढे चिंचोके त्या कोठारात टाकायचे, तेही झाकल्या मुठीने. कुणी किती दिले ते दिसू नये, गरिबाला ओशाळं वाटू नये, म्हणून. ज्याची सोंगटी वाईट घरात पडे, त्याला कोठारातून भरपाई मिळे. कोठार रिकामं निघालं तर सगळेच हरले. एकटा कुणी जिंकतच नसे.

गावाचं खरं कोठारही असंच चाले. प्रत्येक घराने फडक्याने झाकलेली ज्वारीची पाटी घेऊन एकट्याने आत अंधारात जायचं आणि ओतून बाहेर यायचं. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही.

त्या गावात एक हुशार माणूस राहत होता. निदान तेव्हा तरी लोक त्याला हुशारच म्हणत. एका सुगीला तो म्हणाला, "ज्यात कुणी जिंकत नाही, तो खेळ कसला? शेवटी ज्याच्याकडे जास्त चिंचोके, तो जिंकला. त्याला गावाने शेला द्यावा."

लोकांना गंमत वाटली. शेला अर्थात त्यालाच मिळाला. त्याची धाकटी लेक मात्र चिंचोके संपून सगळ्यांत आधी बाद झाली.

घरी आल्यावर तिने विचारलं, "बाबा, तुमचे चिंचोके संपले कसे नाहीत?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची!" तो हसला. "मी रिकामीच मूठ उघडत होतो. तू वेडी, खरेखुरे टाकत बसलीस."

"मग कोठारात काय राहणार?"

"बाकीचे टाकतात की!"

त्याच सुगीला त्याने खऱ्या कोठारातही पाटीभर भुसा ओतला. बायको म्हणाली, "अहो, हे बरं नव्हे." तो म्हणाला, "एवढ्या पाट्यांत आपली एक कुणाला कळतेय?"

पण पटावरची त्याची युक्ती शेजाऱ्याने ओळखली होती. पुढच्या सुगीला त्यानेही भुसा ओतला. मग त्याच्या शेजाऱ्याने. असं करता करता सगळं गाव भुसा ओतू लागलं, आणि प्रत्येकाला वाटे की खऱ्या कोठारात लबाडी आपण एकट्यानेच केली. कोठारातल्या अंधारात रास उंचच दिसे, त्यामुळे सगळे निवांत झोपत.

आणि एका वर्षी टोळ आले. उभं पीक त्यांनी दुपारपर्यंत फस्त केलं.

लोक कोठाराकडे धावले. वरचा भुसा उपसला, खाली भुसाच. तळाशी थोडी जुनी ज्वारी निघाली, ती लवकरच संपली. चोर कोण, असं कुणीच विचारलं नाही. विचारणार कोणत्या तोंडाने?

हुशार माणसाने शेला विकायला काढला. मूठभर दाण्यांनाही कुणी तो घेईना. घरात उरलं होतं ते जिंकलेल्या चिंचोक्यांचं मडकं. बायको रोज थोडे भाजायची आणि वाटून द्यायची.

लेकीच्या हातापायांच्या काड्या झाल्या. एका संध्याकाळी तिने क्षीण आवाजात विचारलं, "बाबा, आपण जिंकलो होतो ना?"

त्याने मान खाली घातली.

सकाळी ती उठली नाही. तिची मूठ घट्ट मिटलेली होती. आईने एकेक बोट सोडवलं, तर आत भाजलेले चिंचोके होते. आपल्या घासातले तिने बाजूला काढले होते.

"शेजारचं बाळ रडतंय म्हणत होती," आई म्हणाली. "म्हणाली, आई, एवढे कोठारात टाकून ये."

तात्पर्य: सगळ्यांच्या कोठारात रिकामी मूठ उघडणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं, की एक दिवस आपल्याच लेकरासाठी त्याला तेच कोठार उघडावं लागणार आहे.