मागचा बल्ब गेला!

दाजीसाहेब इंगवल्यांच्या जुन्या, आलिशान गाडीत ‘मागचा बल्ब गेला’ असा इशारा सारखा झळकायचा. बल्ब मात्र लख्ख पेटलेला! चार मिस्त्री हरले. लेकाची वरात तासाभरावर आली, तेव्हा वायरिंगवाल्या सुलभाला बोलावलं.

“ही काडीपैलवान काय दिवे लावणार?” दाजीसाहेब वऱ्हाडासमोर खदाखदा हसले.

सुलभाचे कान तापले. तिने मागच्या दिव्यात कुणीतरी हल्लीच बसवलेला एलईडी बल्ब काढला, जुन्या पद्धतीचा बल्ब लावला, चावी फिरवली. इशारा गायब! वऱ्हाडाने शिट्ट्या मारल्या.

“अगं, पण आधीचाही पेटत होता की!”

“होता ना. पण करंट अगदीच कमी खायचा. तुमची गाडी उजेड बघत नाही, खाणं मोजते. मालकाच्याच वळणावर गेलीय, दाजीसाहेब. कमी खाणारा दिसला, की निकामी ठरवते!”