मुठीतलं शेपूट

फार मागची नव्हे, पण एका गावी देवीच्या देवळासाठी जुन्या घडणीची नवी तलवार होत होती, तेव्हाची ही गोष्ट. लोहाराच्या पाटावर मूठ होती आणि शेजारी पातं. पात्याच्या बुडाशी, मुठीत शिरायचं ओबडधोबड शेपूट होतं.

पातं लखलखत म्हणालं, "खंडेनवमीला माझी पूजा होणार. तू मात्र आत अंधारात. ना हळद, ना कुंकू!"

शेपटाला ते फार लागलं. त्यानं तुळाजी लोहाराला विनवलं, "दादा, मला तोडून टाका. बारीक सळई जोडलीत तरी बाहेरून तलवार अशीच दिसेल."

"दिसेल की," तुळाजी म्हणाला. "भिंतीवर टांगायला तेवढं पुरतं. पण ही तलवार माझी लेक सुगंधा देवीपुढे फिरवणार आहे. पातं सुटलं तर कुणाच्या अंगावर जाईल, सांग बरं?"

 शेपूट हळूच म्हणालं, "ओता मुठीत लाख, चिकटवा मला घट्ट."

तुळाजीनं देवीचं नाव घेतलं, मुठीत कढत लाख ओतली आणि शेपूट आत बसवलं. लाख निवेपर्यंत तो मूठ धरून बसला.

नवमीला सुगंधानं तलवार गरगर फिरवली. भोवती बायका लेकरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्या वेगात आपण आता निसटणार, असं पात्याला वाटलं. ते घाबरून ओरडलं, "आत आहेस ना?"

"आहे," आतून आवाज आला. "तू फिर."